एच-इंडेक्सवरून पीएचडीचा गाईड ठरवू नका

"पीएचडीला गाईड निवडताना फसू नका" असा एक मेसेज पुण्यातल्या बायोटेक आणि मायक्रोबायोलॉजीच्या ग्रुपांवर फिरतोय. यंदा एमएस्सी झालेल्या माझ्या भाचीने तो वाचून यादीतल्या दोन उत्तम लॅब खोडून टाकल्या, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेजमधले दावे असे: एच-इंडेक्स ३०च्या खाली असलेल्या गाईडकडे जाऊ नका, 'स्टॅनफर्डने निवडलेल्या' जगातल्या वरच्या दोन टक्क्यांत नसलेला शास्त्रज्ञ जागतिक दर्जाचा नाही, इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या लेखांना सरासरी किती सायटेशन, म्हणजे इतर पेपरांत संदर्भ, मिळतात तो आकडा) १०च्या खालचे पेपर धरूच नका, आणि सायटेशन जास्त तितका शोध मोठा.

सगळ्यात घातक पहिला दावा. एच-इंडेक्स ३० म्हणजे किमान ३० पेपर असे, की प्रत्येकाला किमान ३० सायटेशन आहेत. हा आकडा वयाबरोबर चढतो आणि लॅबमधलं काम थंडावलं तरी उतरत नाही. आता रेण्वीय जीवशास्त्राची नवी लॅब उभी कशी राहते ते बघा. फ्रीजर, सेंट्रिफ्यूज यांची टेंडरं, जैवसुरक्षा समितीची मंजुरी, क्लोनिंग, पेशींच्या लाइन बसवणं. उंदरांवर काम असेल तर प्राण्यांच्या समितीची परवानगी आणि नॉकआउटची, म्हणजे एखादं जनुक बंद केलेल्या उंदरांची, कॉलनी वाढवणं. लॅबचा स्वतःचा पहिला मोठा पेपर यायला तीन-चार वर्षं सहज जातात, मग त्याला सायटेशन मिळायला आणखी काही. म्हणजे या नियमाने जवळपास प्रत्येक नवा गाईड बाद! आणि नेमका तोच गाईड अजून स्वतः बेंचवर उभा असतो, वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन ओळखायच्या चाचणीत) बँड का आला नाही हे तुमच्याबरोबर बसून शोधतो.

हा निर्देशांक २००५ साली कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी मांडला. त्यांचा मूळ लेख छोटा आहे, मेसेज लिहिणाऱ्याने वाचायला हवा होता. एका आकड्यातून माणसाच्या कामाचा फक्त ढोबळ अंदाज येतो, हे हर्श यांनीच त्यात म्हटलंय. वयाचा फरक पडू नये म्हणून पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागायचा उपायही तिथेच आहे. त्याच लेखात भौतिकशास्त्रात सर्वात वरचे एडवर्ड विटेन ११० वर आहेत, तर जीवविज्ञानात सॉलोमन स्नायडर १९१ वर. विषय बदलला की मोजपट्टीच बदलते. कर्करोगावर काम करणाऱ्यांची गर्दी मोठी, बाजरीच्या जनुकांवर काम करणारे थोडे. दोघांना ३०ची एकच रेघ कुठल्या हिशेबाने?

त्यापेक्षा नावांचा क्रम बघा. आपल्या विषयात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं लॅबप्रमुखाचं. मधलं नाव एखादा प्लास्मिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) दिला म्हणूनही असू शकतं, आणि एच-इंडेक्स ते सगळं सारखंच मोजतो. पबमेड या जीववैद्यकीय पेपरांच्या सूचीच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये 'ऑथर – लास्ट' हा पर्याय घेऊन गाईडचं नाव टाका आणि मागच्या पाच-सहा वर्षांचे पेपर काढा. त्यांतली पहिली नावं त्याच्याच विद्यार्थ्यांची आहेत का? विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर (भारतीय पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात) असतील तर पेपर प्रबंधाच्या आधी आला की नंतर, हेही कळतं. ज्युनियर आणि सीनियर (जेआरएफ-एसआरएफ) मिळून रिसर्च फेलोशिप पाचच वर्षं चालते, त्यामुळे हा प्रश्न पोटाचा आहे. कुलकर्णी, जोशी, पाटील अशा आडनावांना गूगल स्कॉलर भलत्याच माणसाचे पेपर चिकटवतो. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या ओळखक्रमांकाखालच्या यादीशी ताडून घ्या.

'स्टॅनफर्डने निवडलेले' हा तर शुद्ध गैरसमज आहे, आणि वर्तमानपत्रं तो दरवर्षी छापतात. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सेव्हिअर या प्रकाशकाच्या स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसमधल्या प्रोफाइलांवरून एक एकत्रित गुणांक काढतात. अर्ज नाही, परीक्षक नाहीत, विद्यापीठाकडून कुणाची निवड नाही. संपूर्ण कारकिर्दीची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी, बातमीत बहुधा ते सांगतही नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे काम चांगलं नाही असा अर्थ घेऊ नये, हे यादी करणाऱ्यांनीच सोबत लिहून ठेवलंय. मात्र त्या तक्त्यात स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशनचं प्रमाण दिसतं आणि २०२४पासून मागे घेतलेल्या पेपरांची संख्याही. ते रकाने जरूर वाचा.

इम्पॅक्ट फॅक्टर ही जर्नलची सरासरी आहे, तुमच्या गाईडच्या पेपरची नव्हे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए'चा हा आकडा २च्या आसपास होता, तो २००९मध्ये जवळजवळ ५० झाला. कारण शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या स्फटिकांची रचना काढायच्या सॉफ्टवेअरवरचा एकच लेख. बाकीचे लेख एका रात्रीत थोर झाले नव्हते.

आणि सायटेशन म्हणजे शोध? 'नेचर'ने २०१४मध्ये सर्वाधिक सायटेशनच्या १०० पेपरांची यादी केली. पहिला लॉरी यांचा १९५१चा, तीन लाखांवर सायटेशनचा; मग लेमली, मग ब्रॅडफर्ड. प्रथिनं मोजायच्या आणि जेलवर वेगळी करायच्या या पद्धती, एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेल्या. अत्यंत उपयोगी, पण वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर त्या शंभरात नाही.

सायटेशन अगदीच निरुपयोगी नाहीत, एवढं मात्र मान्य करावं लागेल. दहा-बारा वर्षं चाललेल्या लॅबच्या पेपरांना तिथल्याच लोकांखेरीज कुणी उद्धृत करत नसेल, तर इंटरव्ह्यूच्या आधी कारण विचारा. तेही गाईडला नको, त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना. सोबत रिट्रॅक्शन वॉचच्या मागे घेतलेल्या पेपरांच्या डेटाबेसमध्ये आणि पबपीअर या छापून आलेल्या पेपरांवरच्या चर्चेच्या साइटवर गाईडचं नाव शोधा, दोन्ही फुकट आहेत.