पोकेमॉनच्या लॉटरीबद्दल खुलासा

सोलापूरच्या गेमिंग ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘स्वॉर्ड-शील्डमध्ये जितके जास्त पोकेमॉन पकडाल, तितका लॉटरीत मास्टर बॉलचा चान्स जास्त.’ (स्वॉर्ड-शील्ड म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे व्हिडिओ गेम, मास्टर बॉल म्हणजे कुठलाही पोकेमॉन हमखास पकडणारा बॉल.) हा मेसेज चुकीचा आहे. गेममधल्या पोकेमॉन सेंटरच्या रोटोमी या मशीनवर रोज एकदा नंबर निघतो आणि तो आपल्याकडच्या पोकेमॉनच्या आयडीच्या (मूळ मालकाच्या नंबरच्या) शेवटच्या आकड्यांशी जुळवला जातो. आपण स्वतः पकडलेल्या सगळ्यांचा आयडी एकच, आपलाच! मी बॉक्स (पोकेमॉन साठवायची जागा) उघडून एकेक तपासला. वेगळा आयडी दुसरीकडून आलेल्यांचा, जसं ट्रेडने, म्हणजे अदलाबदलीत. अक्कलकोटच्या मावसभावाने दिलेल्या एकाचे शेवटचे दोन आकडे जुळले, पीपी अप हे छोटं बक्षीस मिळालं. मास्टर बॉलला शेवटचे पाचही आकडे जुळावे लागतात. पोरं रात्र-रात्र बॉक्स भरत बसलीत, वाईट वाटतं. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, आधी पाठवला असेल तिथे हा टाका.