थर्माकोलने आवाज थांबत नाही हो

'थर्माकोल किंवा फोम शीट लावली की उष्णता आणि आवाज दोन्हीचं काम होतं' हे उष्णता आणि आवाज अडवण्यावरच्या लेखातलं वाक्य साफ चुकीचं आहे. गच्चीवर एक्सपीएस (पॉलिस्टायरिनचा घट्ट फोम बोर्ड) टाका, ऊन छान अडतं, पण हलका, आत हवेचे बंद कप्पे असलेला फोम आवाज फारसा ना शोषतो ना अडवतो, आवाजासाठी रॉकवूल किंवा ग्लासवूलच (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) लागतं आणि पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्डचं वजनही. पुण्यात ऑफिस इंटिरियरची कामं करताना कायम बघतो, पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवतात, मग कॉन्फरन्स रूममधलं बोलणं वरून शेजारच्या केबिनमध्ये जातं, बोर्डमध्ये काहीही भरा. पार्टिशन स्लॅबपर्यंत न्या, फटी सीलंटने बुजवा. आणि आगीचा मुद्दा लेखात कुठेच कसा नाही? रॉकवूल १००० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, फोम जळतो नि काळाकुट्ट धूर करतो.