वायरमनने बायको-पोरीला घेऊन परदेशी जायचंच नाही का?

आज एका वास्तुशांतीला गेले होते. पंगत बसलेली, आणि आमच्याच नात्यातले एक काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इंजिनियर पोरं जर्मनीला जातात ते ठीक, पण वायरमनने बायको-पोरीसकट तिकडं जाऊन काय करायचं? इथं कामं संपली का?" दादा समोरच्याच पानावर बसला होता, मान खाली घालून भात कालवत राहिला. मीही गप्प बसले आणि त्याचाच राग घरी आल्यापासून डोक्यात आहे, म्हणून इथं लिहितेय, मोठं होईल, वाचायचं तर वाचा.

याच काकांच्या घरची लाईट एका लक्ष्मीपूजनाला गेली होती. आमच्याकडे पाट मांडलेला, दादाने नवा शर्ट घातलेला, वहिनी झेंडूची माळ लावत होती आणि फोन आला. टेस्टर, पक्कड, मेगर पिशवीत टाकून दादा तस्साच गेला. मीटर बोर्डात न्यूट्रल लूज होऊन जळला होता. साडेदहाला परत आला, शर्टाची बाही काळी. आई पूजा न करता थांबलेली. काय दिलं म्हणून विचारलं तर म्हणाला, मागच्या पडवीत चहा दिला आणि पन्नासची नोट, घरचाच आहेस म्हणाले.

घरचाच. त्या रात्री घरचा होता आणि आज पंगतीत नुसता वायरमन झाला.

दादाने आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, दोन वर्षं, मग अप्रेंटिसशिप, मग सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत अकरा वर्षं पॅनेल वायरिंग. 2024 च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ती बातमी त्याने मोबाईलवर मला दाखवली आणि लगेच फोन खिशात टाकला, जसं काही नको ते बघितलं. नंतर त्याने स्वतःच धडपड करून कागद तिकडच्या हस्तव्यवसाय मंडळाकडे, म्हणजे कारागिरांचं शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडे, पाठवले. मार्कशीट, सर्टिफिकेट, अनुभवाचे दाखले, सगळ्याची भाषांतरं. उत्तर आलं: अंशतः मान्यता. कारण तिकडं याच कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं असतं. मला वाईट वाटलं, पण दादा ते पत्र घेऊन तासभर बसला होता. त्यात लिहिलं होतं की या माणसाला हे हे येतं आणि हे हे शिकायचं राहिलंय. तो म्हणाला, "बघ की, मला काय काय येतं हे आजपर्यंत कुणी असं लिहून दिलं नव्हतं." मला तिथून उठून आत जावं लागलं.

आता उरलेलं शिक्षण तिथंच काम करत पूर्ण करायचं. 2024 च्या मार्चपासून तशी सोय झालीय, म्हणजे मान्यतेची प्रक्रिया चालू असताना नोकरीही करता येते, निदान दोन वर्षांचं सरकारमान्य शिक्षण आणि ए-टू एवढं जर्मन असेल तर (भाषेच्या पायऱ्या अशा: ए-वन सगळ्यात सोपी, मग ए-टू, मग बी-वन). दादाने बी-वन केलं. दिवसभर ड्युटी, रात्री क्लास. आरसीसीबीला, म्हणजे करंट लीक झाला की लाईट तोडणाऱ्या स्विचला, तिकडं फेलरश्ट्रोमशुट्झशाल्टर म्हणतात, तो शब्द तो गाडी पुसताना म्हणत असतो आणि चिऊला, त्याच्या पोरीला, तो त्याच्या आधी पाठ झालाय.

आणि वहिनी. दादा आधी जाणार, या दोघी मागून, आणि त्यासाठी वहिनीला ए-वनची परीक्षा द्यायचीय. ब्लू कार्डवर, म्हणजे जास्त शिकलेल्यांना मिळणाऱ्या परवान्यावर, गेलेल्या इंजिनियरच्या बायकोला ही अट नाही, हे ऐकून माझं डोकं फिरलं. पण वहिनी शांत. ती म्हणते सोप्पं आहे, त्यांच्यात पण तो, ती, ते आहे, देअर, डी, डास. फक्त त्यांचा सूर्य 'ती' आहे आणि मुलगी 'ते'. म्हणून हल्ली चिऊ शाळेतून आली की वहिनी ओरडते, "आलं का माझं ते!" दहावीनंतर वही न धरलेली बाई पोळ्या लाटताना क्रियापदं म्हणते. काकांनी एकदा ओट्यापाशी येऊन ऐकावं.

हो, एजंटांनी लुबाडलेली पोरं मलाही माहितीयत. हो, तिकडं थंडी आहे, भाड्याने घर पटकन मिळत नाही, आणि आई इथं माझ्याकडे राहील पण तिचा जीव चिऊत अडकलेला असेल. माहितीय सगळं. पण इंजिनियरची आई एकटी राहते तेव्हा तिला नशीबवान म्हणता ना तुम्ही? मुलगा फॉरेनला असतो म्हणून हळदीकुंकवाला तिला वेगळी खुर्ची देता. मग माझी आईच बिचारी कशी?

इथं कामं आहेत, बरोबर. कामं खूप आहेत. रात्री-अपरात्री, पन्नास रुपयांत, पडवीत. दादाला शिडीवरून पडून मनगट मोडलं तेव्हा पंधरा दिवसांचा पगार गेला. चिऊच्या शाळेच्या फीसाठी वहिनीने पाटल्या मोडल्या. तिकडं सरकारी शाळेला फी नाही, एवढ्या एका गोष्टीवर वहिनी तयार झाली.

आत्ता हे टाईप करताना दादाचा फोन आला. मला वाटलं दुपारचं बोलेल. तर म्हणतो, त्या नव्या वास्तूत अर्थिंग नीट दिलेलं दिसत नाही, काकांना सांगायला पाहिजे, गिझरला शॉक लागेल कुणाला तरी, जाण्याआधी एक रविवार करून देतो. मी म्हटलं अजिबात जायचं नाहीस. तो म्हणाला, "अगं, त्यांच्याकडे बारकी पोरं आहेत." आता काय बोलू मी त्याला.

वहिनीची परीक्षा पुढच्या महिन्यात पुण्याला आहे, सकाळीच, त्यामुळे आदल्या दिवशी जावं लागेल. चिऊ माझ्याकडेच राहील. परीक्षा मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे तिथल्या जर्मन भाषेच्या संस्थेत आहे, त्याच्या जवळपास कुणाचं घर असेल, एक रात्र वहिनीची सोय होत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. आणि स्टुटगार्टच्या, म्हणजे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गच्या राजधानीच्या, बाजूला कुणी ओळखीचं राहत असेल तर तेही कळवा. दादाला सुरुवातीला एक खोली मिळाली तरी चालेल.