‘नवी मुंबईत चाळीस हजार कमावून हातात काही उरत नाही’: हा हिशेब चुकीचा आहे

कोकणातल्या आणि मराठवाड्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतो: ‘शिकलेली पोरं झगमगाटाला भुलून नवी मुंबईला जातात. चाळीस हजार पगार भाड्यात, लोकलमध्ये आणि खाण्यात संपतो. त्यापेक्षा गावात पंधरा हजारांत राजासारखं जगावं.’

आधी तो झगमगाट. इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेल्या मुलीचं काम ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत आहे, तालुक्याच्या गावी नाही. कस्टम्सची कागदपत्रं शिकलेल्याला न्हावा-शेवा बंदर गाठावंच लागतं. याला भुलणं म्हणणं अन्यायाचं आहे.

चाळीस हजार हा आकडा बहुधा सीटीसीचा, म्हणजे कंपनी आपल्यावर करते त्या एकूण खर्चाचा असतो. मूळ वेतन २०,००० धरलं, तर कंपनीचा पीएफचा वाटा २,४०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ९६० त्यातच मोजलेले असतात. शिवाय स्वतःचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हाती येतात साधारण ३४,०००. पण पीएफचे दोन्ही वाटे मिळून ४,८०० रुपये कुठे खर्च झालेले नाहीत: ते स्वतःच्या खात्यात जमतात. गावात रोखीने पंधरा हजार घेणाऱ्याला बहुतेक वेळा यातलं काहीच मिळत नाही, आणि मेसेज त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

‘भाड्यातच सगळं जातं.’ पहिल्या नोकरीत एकट्याने फ्लॅट घेतला तर जाईलच. घणसोली-कोपरखैरणेत तिघांत वन बीएचके घेतला आणि भाडं २१,००० धरलं, तर वाट्याला ७,००० येतात. डबा ५,०००, वीज-गॅस-इंटरनेट १,०००, पास आणि फोन १,५००, किरकोळ ३,५००. एकूण १८,०००. उरले १६,०००.

मग ‘काही उरत नाही’ असं मुलं का सांगतात? कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत खरंच उरत नाही. डिपॉझिट ६०,००० असेल तर आपला वाटा २०,०००, दलालीचे ७,०००, पहिलं भाडं ७,०००, डबा, गादी, बादली. चाळीस-पंचेचाळीस हजार पगार होण्याआधीच लागतात. वीस तारखेनंतर रुजू झालं, तर अनेक कंपन्यांत पहिला पगार थेट पुढच्या महिन्यात येतो. ही रक्कम घरून आणली नाही, की क्रेडिट कार्ड किंवा कर्जाचं अ‍ॅप येतं आणि त्याचं व्याज वर्षभर पगार खातं.

डिपॉझिट बुडतं ते कागद नसल्यामुळे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक महिन्यांसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. वरच्या उदाहरणात ११ महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क सुमारे ६०० आणि नोंदणी शुल्क १,००० होतं. एवढ्यासाठी ‘साध्या स्टँप पेपरवर करू’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. करारात तिघांचीही नावं घालावीत. रंगकामाचे पैसे कोण देणार ते लिहून घ्यावं, आणि राहायला गेल्या दिवशीच भिंतींचे व वीजमीटरचे फोटो मालकाला पाठवावेत. वाद होतो तो नेमका याच गोष्टींवर.

प्रवासाचं थोडक्यात. ऑफिस ऐरोलीत असेल तर ठाणे-वाशी मार्गावरच खोली बघावी. स्वस्त म्हणून बदलापूरला घेतली, तर रोज ठाण्यात उतरून गर्दीतून वाशीच्या गाड्यांचा नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म गाठावा लागतो. भाड्यात वाचलेले दोन हजार मग फार महाग पडतात.

मेसेज एका ठिकाणी बरोबर आहे. सीटीसी बावीस हजारांचा असेल तर हाती अठरा हजारांच्या आसपास पडतात, आणि खर्चही तेवढाच आहे. अशी ऑफर आली तर होकार देण्याआधी कंपनीची बस आणि कँटीन आहे का ते विचारावं. बस आणि एक वेळचं जेवण मिळालं तर महिन्याला तीनेक हजार वाचतात. नसेल, तर काही महिने घरून पैसे लागतील हे आई-वडिलांना रुजू होण्यापूर्वीच सांगावं.