थांबो नाय थंय गाडी

काल संध्याकाळी सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी जेमतेम मैलभर उरली असताना माझं विमान हवेत उभं राहिलं. खाली लाटा उभ्या, वर ढग उभे. हलत होता तो फक्त लॅपटॉपचा पंखा, आणि तो असा घोंघावत होता की उडालंच काही तर लॅपटॉप उडेल. मग चित्र एकदम चार ढांगा पुढे सरकलं आणि विमान सड्यावर आडवं. स्टिक मी वेळेत ओढली होती. लॅपटॉपला ते सवडीनं कळलं. हेही गिळलं असतं, पण मागच्या खुर्चीत शेजारचे आबा चहा फुंकत बसले होते.

"रे झिला, थांबो नाय थंय गाडी कित्याक थांबवलंस?"

आबा यष्टीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. निवृत्त यष्टी झाली, आबा नाहीत. त्यांच्या मते चाकं असलेलं काहीही ते चालवू शकतात, आणि विमानाला चाकं असतात.

मी समजावलं, की हा 2020 सालचा मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर आहे, म्हणजे खऱ्यासारखं विमान उडवायचा खेळ. उपग्रहावरून काढलेले फोटो नेटवरून खेचून अख्खी पृथ्वी उभी करतो. डिस्कवर दीडशे जीबी जागा आणि कमीत कमी 8 जीबी रॅम मागतो. माझ्याकडे 8च आहे. आबांनी एवढं ऐकून लॅपटॉपच्या कडेला पालथा हात लावला, चटकन मागे घेतला, आणि निदान केलं: "गाडी तापली हा. बॉनेट उघड."

बॉनेट आधीच उघडून झालं होतं, हेच तर दुखणं. मागच्याच आठवड्यात कुडाळात एका दुकानात लॅपटॉप नेला होता. दुकानदारानं पंखा काढून फुंकला तर टेबलावर तांबड्या मातीची रांगोळी पडली. वर आमच्या मांजराचे केस. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खवले धरलेली. ते सगळं त्यानं नीट केलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पैसे घेताना त्यानं विचारलेल्या प्रश्नाबद्दल: "गेम खेळता तो झिल कितवीत आसा?" माझं वय 46. "नववीत," म्हणालो आणि पावती घेतली.

तर आबा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा लावला, आणि सेटिंगचा पडदा गाडीखाली वाकून बघावं तसा बघू लागले.

"ह्यां काय?"

"ढग. अल्ट्रावर आहेत."

"पैसे देऊन ढग घेतलंस? खिडकी उघड. हयसर फुकट आसत."

ढग मीडियमवर आले.

"आणि ही दुसरी इमाना खंय चललीत?"

"मोप्याला. गोव्याला."

"तुझ्या गाडीत त्येंचे पाशिंजर कित्याक? उतरव सगळ्यांका."

विमानांची वर्दळ बंद केली. चिडचिड ह्याची, की माणूस बरोबर बोलत होता. दुसऱ्या प्रत्येक विमानाचा हिशेब प्रोसेसरलाच ठेवावा लागतो. मग आबांचं लक्ष कॉकपिटमधल्या दोन झगझगीत स्क्रीनवर गेलं. "ह्यो टीव्ही कोणाक?" म्हटलं, वेग, उंची, नकाशा, सगळं त्यावरच दिसतं. "माका एक काटो पुरे होतो. तो पण बंद." खरं तर हे डिजिटल पडदे सतत नव्यानं रंगवण्यात बराच जोर जातो. मी ते विमान सोडून काट्यांच्या घड्याळांचं जुनं सेसना 152 घेतलं. आबांना ते पाहताच बरं वाटलं. "ही आपली गाडी," म्हणाले.

आणि मग करूळ घाट निघाला. आबांच्या बोलण्यात तो निघतोच.

"घाट चढताना मी पयल्यापासून दमान घेतलंय. जो जोर करतलो, तो अर्ध्या घाटात वाफ काढीत बसतलो."

ह्या एका वाक्यासाठी मी इंटरनेटवर तासन्‌तास घालवले आहेत! लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बहुधा एकाच तांब्याच्या नळीवर आपापली उष्णता सोडतात. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला स्वतःच वेग पाडतो, आणि तेव्हाच विमान हवेत उभं राहतं. उपाय: विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट शंभरावरून 99वर आणायचं. एक टक्का दिसतो, पण माझ्या प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे वरचा जादा वेग, त्यानं बंदच होतो. गडी थंड राहतो आणि एका लयीत चालतो. वर फ्रेमला, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांना, तीसचा लगाम. साठची हाव धरली की कधी पन्नास, कधी नऊ.

राहता राहिली जमीन. रेंडर स्केलिंग, म्हणजे चित्राचा बारकावा, सत्तरवर, टेरेनचा तपशील निम्म्यावर, झाडं लो. दर खटक्याला कोकण थोडं थोडं नाहीसं होत गेलं. आधी माड विरळ झाले, मग आंब्याच्या बागा, शेवटी खाली नुसता हिरवा रंग उरला. आमच्या वाडीत कौलारू घरं आधीच नव्हती. सिम्युलेटरनं तिथे चौकोनी खोकी मांडलेली. पण विमान मात्र सुळकन जायला लागलं. झाडं काढली की वेग वाढतो, हे मुंबई-गोवा महामार्गवाल्यांना माझ्या कितीतरी आधी सुचलेलं. त्यांची झाडं गेली. वेग यायचाय. एवढी वर्षं वळसे आणि खड्डे खाऊन जो माणूस गावी पोचतो, त्यानं संध्याकाळी तासभर हवेतून जावं म्हटलं, तर लोक विचारतात, "ह्यातून मिळतं काय?" रस्त्यातून काय मिळालं ते कोणी विचारत नाही.

असो. पुन्हा समुद्राकडून चिपी. वेग बरोबर, उंची बरोबर, चाकं टेकायला दोन हात, आणि लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर आला. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला वीज बेताचीच मिळते, तिथे वर केलेली सगळी काटकसर पाण्यात. बाराची फ्रेम. विमान उचक्या देत देत उतरलं, पण उतरलं, धावपट्टीवरच. मी मागे वळून बघितलं. निदान एक "वा".

"ब्रेक उशिरा लावलंस," आबा म्हणाले.

लाईट रात्री आली. आज सकाळी मी लॅपटॉपखाली दोन करवंट्या ठेवल्या, हवा खेळायला, आणि कुठेही न अडखळता मालवण ते देवगड किनाऱ्यानं गेलो. आबा बघत होते. देवगडचा किल्ला दिसायच्या आतच त्यांनी जांभई दिली.

"आता मजा नाय. नुसती जाता. ह्याच्यात यष्टी नाय मिळणा?"

"नाही," मी म्हटलं. बसचे सिम्युलेटर असतात, चांगले असतात, आणि माझ्या लॅपटॉपवर आरामात चालतील. पण ते कळलं तर आबा सकाळी सातला डबा घेऊन येतील.