‘अहो’ची किंमत

निपाणीत आमच्या भाचीचं लग्न ठरलंय. बस्ता कोल्हापुरात बांधायचा की बेळगावात, हा आमच्याकडचा जुना वाद. यंदा त्याच्यावर ताण करणारा दुसरा वाद सुरू आहे. भाचीला पुण्यातल्या एका डिझायनरकडचा लेहंगा हवाय, किंमत एक लाख दहा हजार. घरच्या ग्रुपवर दादानं लिहिलं, “एका दिवसाच्या कापडाला एवढे? तेवढ्यात एक चांगली म्हैस दावणीला येती.” त्यावर चुलतभाऊ म्हणाला, पगार तिचा, लग्न तिचं, आपण कोण बोलणारे. मग आक्कानं मला मध्ये ओढलं : “तू फॅशनच्या देशात ऱ्हातोस न्हवं, तूच सांग गा काय ते.”

मी अकरा वर्षं इटलीत, ब्रेशिया या गावात आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात कास्टिंगचं, म्हणजे लोखंड ओतायचं काम शिकलो, इथंही तेच करतो. मला लोखंड कळतं, कापड कळत नाही. पण आक्काला द्यायचं उत्तर माझ्याकडे आहे. ते ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्या गावाहून मिलान रेल्वेनं तासाभराच्या आत येतं. तिथल्या मॉन्तेनापोलेओने रस्त्यावर दुकानाच्या जागेचं भाडं २०२४ मध्ये जगात सगळ्यात महाग ठरलं, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूलाही मागं टाकून. त्या रस्त्यानं मी बऱ्याचदा चाललोय. काचेआडच्या साध्या पांढऱ्या शर्टाची किंमत वाचून दादासारखाच म्हशीचा हिशोब केलाय. मग एक गोष्ट घडली आणि तो हिशोब मला अपुरा वाटायला लागला.

इटालियन भाषेत आपल्यासारखंच आहे. मुलाला, मित्राला ‘तू’ म्हणायचं (शब्दही तोच, अर्थही तोच), आणि अनोळखी मोठ्या माणसाला ‘लेई’, म्हणजे आपलं ‘अहो’. पहिल्या हिवाळ्यात मी एका काउंटरवर रांगेत उभा होतो. अंगात बेळगावहून आणलेलं नायलॉनचं जाकीट. माझ्या पुढच्या माणसाशी काउंटरवरची बाई ‘लेई’ म्हणून बोलली, मागच्याशीही ‘लेई’. मध्ये मी, चौतिशीतला, कानाजवळ केस पिकलेला. मला म्हणाली, “तू काय आणलंस? तुला कळतं का?” तिच्या आवाजात राग नव्हता. माझ्याकडे बघून तिच्या तोंडून आपोआप तेच आलं. इथं आलेल्या बांगलादेशी, सेनेगली, पंजाबी माणसांना विचारा, प्रत्येकाकडं असा एक काउंटर आहे.

पुढच्या वर्षी मी लोकरीचा कोट घेतला. चारशे वीस युरो. आईला किंमत आजपर्यंत सांगितलेली नाही. तो घालून त्याच काउंटरवर गेलो आणि ‘लेई’ ऐकलं. कोट उबदार आहे, पण तेवढी ऊब नव्वद युरोतही मिळत होती. वरचे तीनशे तीस मी त्या एका शब्दाचे मोजले, आणि मोजल्याचा मला पस्तावा नाही.

हे मी इटलीत शिकलो असंही नाही. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वर्षातून एकदा शाळेच्या कापडासाठी मला घेऊन बेळगावला खडेबाजारात जायची. आमच्या भागातला दुकानदार गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचं नेसण बघतो आणि कन्नड बोलायचं की मराठी, हिंदी की इंग्रजी, ते ठरवतो. भाषेबरोबर मानही तिथंच ठरतो. कासोट्याचं, तंबाखूचा वास न जाणारं लुगडं नेसलेल्या माझ्या आईला तो म्हणाला, “ए बाई, काय पायजे?” शेजारी रेशमी सहावारीतल्या बाईला म्हणाला, “या वहिनी, बसा,” आणि पोराला पाणी आणायला पिटाळलं. आईनं काही न बोलता कापड घेतलं. पुढच्या वर्षी मात्र तिच्या पेटीत तांबड्या पदराचं एक इरकल आलं. ते ती सणाला नेसायची नाही, लग्नालाही नाही. आमच्या घरात त्याचं नावच ‘बेळगावला जायचं लुगडं’ असं होतं. वखारीच्या मजुरीत ते किती आठवड्यांचं पडलं असेल, हे मी आता मोजू शकतो. तेव्हा मला एवढंच दिसलं की त्या वर्षी आम्हाला पाणी मिळालं.

महागडा खर्च म्हणजे दिमाख, असं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन वेब्लेन यानं १८९९ मध्येच मांडलं होतं : पैसा आहे हे दिसावं म्हणून पैसा खर्चायचा. ज्यांना ‘अहो’ जन्मतः मिळतो त्यांच्याबद्दल ते खरं असेल. ज्यांना तो मिळवावा लागतो त्यांचा खर्च वेगळा, आणि आमच्या जिल्ह्यानं तो फरक शंभर वर्षांपूर्वी बघितलाय.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते इथं. सभासदानं दरमहा २,००० वार सूत द्यायचं, असा नियम याच अधिवेशनात झाला. हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांसारखी खानदानी माणसं खादीत वावरू लागली आणि जाड्याभरड्या कापडाला मान आला. मग एप्रिल १९२५ मध्ये डॉ. आंबेडकर बहिष्कृत परिषदेसाठी आमच्या निपाणीला आले. हे अंतर चार महिन्यांचं आणि बेळगावपासून एका दिवसाच्या वाटेचं. बाबासाहेबांनी साधेपणाचा रस्ता धरला नाही. आयुष्यभर कोट-टाय घातला, आणि १९२७ च्या डिसेंबरात महाडला बायकांना सांगितलं की अस्पृश्यतेची खूण पटवणारी नेसण आणि दागिने टाकून द्या. ज्याला आधीच मान आहे त्याच्या अंगावर साधं कापड त्याग ठरतं. ज्याला मान नाकारलाय त्याच्या अंगावर तेच कापड त्याची जात सांगतं. मला दोघांबद्दल आदर आहे, पण दादा भाचीला साधेपणाचे धडे देतो तेव्हा मला महाडचं ते भाषण आठवतं.

भाची पुण्यात नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातल्या मुलींनी तिच्या बोलण्यातल्या ‘करायलोय’, ‘जायलोय’वर काय काय ऐकवलंय, ते तिनं मला फोनवर सांगितलंय. तिथं ती कर्नाटकातली, आमच्या सरकारी कचेरीत ती मराठी. ज्या दिवशी त्या सगळ्या मुली निपाणीला येणार त्या दिवशी तिला कसं दिसायचंय, हे मला कळतं. दादाच्या म्हशीनं ते होणार नाही.

एका गोष्टीत मात्र मी दादाच्या बाजूला आहे. हप्त्यावर घेऊ नये. या ‘अहो’ची किंमत दरसाल वाढते. सगळ्यांच्या अंगावर तोच लेहंगा आला की त्याचं काम संपतं आणि पुढचा घ्यावा लागतो. हप्ते मात्र पहिल्याचेच चालू राहतात.

माझी खरी तक्रार खरेदी करणाऱ्याविषयी नाहीच. तो पैसा जातो कुठं, याविषयी आहे. जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयानं दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या एका उत्पादक उपकंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. दुकानात २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या पर्सच्या घडणावळीचे, कातड्याचा खर्च सोडून, ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते, आणि मजूर कारखान्यातच झोपत होते. हे मिलानच्या आसपास, जिथं कागदावर सगळे कायदे आहेत. ही बातमी आमच्या फाउंड्रीच्या कँटीनमध्ये दोन दिवस पुरली. माझ्या इटालियन सहकाऱ्यांना त्याची खरी लाज वाटली.

पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, प्रादा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मॉडेलांच्या पायात दाखवल्या, कोल्हापुरीचं नाव न घेता. आपल्याकडं आग लागली, आणि ती रास्त होती. प्रादाला मूळ कबूल करावं लागलं. पण मग सीमेवरचं नेहमीचं सुरू झालं : चप्पल महाराष्ट्राची की कर्नाटकाची? कर्नाटकातले मंत्री म्हणाले, आमच्या अथणी-निपाणीच्या कारागिरांना श्रेय द्या. आमचे मराठी मित्र म्हणाले, नावातच कोल्हापूर आहे. वास्तविक या चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन (जीआय टॅग) कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. सीमाप्रश्न माझ्यासाठी लहान नाही. १ नोव्हेंबरला बाबा काळी फीत लावायचे, आजही मला त्या दिवशी गोड खाववत नाही. पण या वादात अथणी-मदभावीचा कारागीर दोन्हीकडून फक्त पुराव्यापुरता उभा केला गेला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, खिळा न मारता वादीनं शिवलेला तळ, घरातल्या बायकांनी विणलेली वेणी, आणि या सगळ्याचे त्याला किती मिळतात, हे फारसं कुणी विचारलं नाही. डिसेंबरात प्रादानं दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २,००० जोड, एकेक सुमारे ८०० युरोचा. हे चांगलं पाऊल आहे. त्यातले कारागिराच्या हातात किती पडतात, यावर मात्र मी डोळा ठेवणार आहे.

गेल्या सुट्टीत निपाणीजवळ एका म्हाताऱ्या कारागिराकडं गेलो होतो. माझ्या आधीचा गिऱ्हाईक त्याच्या नातवाच्या वयाचा. अंगावर मोठ्या नावाचा टीशर्ट, दारातूनच म्हणाला, “ए, जोडी झाली काय रे माझी?” म्हाताऱ्यानं जोडी पुसून पुढं केली. पोरानं चौदाशेचे बाराशे करून घेतले. तो टीशर्ट घेताना त्यानं एक रुपया कमी करून मागितला नसणार. माझी पाळी आली तेव्हा सवयीनं माझ्याही ओठावर ‘बाराशे’ आलं होतं. मला काउंटरवरची बाई आठवली. मी चौदाशे दिले, आणि “किती वर्षं करताय तुम्ही हे?” असं विचारलं. बोलता बोलता त्यांनी मला बसायला पाट दिला.

तर आक्का, माझं उत्तर असं. पैसे साठवलेले असतील तर लेहंगा घेऊ दे, कर्ज काढायचं असेल तर नको. पायातली जोडी मामाकडून, त्याच म्हाताऱ्यांच्या हातची, आणि घासाघीस करायची नाही. हे मी भाचीला आधीच कळवलंय. काल तिनं वहीच्या कागदावर पाऊल ठेवून माप काढलं आणि फोटो पाठवला. पेन्सिलीची रेघ अंगठ्याजवळ जरा हललीय. खाली लिहिलंय, “मामा, त्या काकांना विचारून घे, त्यांना कधीपर्यंत जमेल.”