खलनायकाला नीट विचार करू द्या

टीव्हीवरच्या विज्ञानकथांमधले पुठ्ठ्याचे सेट आणि रबरी मुखवटे मी आनंदाने चालवून घेते. चालत नाही ते खलनायकाचं बिनडोक कारस्थान. ‘यातून याला मिळणार काय?’ एवढं विचारलं की अख्खी गोष्ट ढासळते, आणि लेखकाने स्वतःला ते कधी विचारलंच नव्हतं हे लक्षात आलं की मला खरोखर राग येतो.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला मास्टर घ्या, काळात फिरणाऱ्या नायकाचा, म्हणजे डॉक्टरचा, हाडवैरी. बुद्धी डॉक्टरच्या तोडीस तोड, काळात हवं तिथे नेणारं यान हाताशी. आणि १९८३ च्या ‘द किंग्ज डीमन्स’मध्ये हा करतो काय? मार्च १२१५ मध्ये, इंग्लंडमधल्या एका सरदाराच्या किल्ल्यात, फ्रेंच सरदाराचं सोंग घेऊन बसतो. सोबत रूप पालटणारा यंत्रमानव, त्याला इंग्लंडचा राजा जॉन बनवलेला. या नकली राजाकडून इतका जुलूम करवायचा की सरदारांनी भडकून जॉनला गादीवरून खाली ओढावं. मग मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, होणार नाही आणि संसदीय लोकशाही उगवायच्या आधीच खुडली जाईल.

आता खरा इतिहास बघा. जॉनची बदनामी करायला परग्रहावरून कुणी यायची गरजच नव्हती. १२०४ मध्ये त्याने फ्रान्समधली नॉर्मंडी गमावली, ती परत मिळवण्यासाठी करांनी लोकांना पिळून काढलं, आणि १२१४ मध्ये बुव्हिनच्या लढाईत त्याच्या बाजूचा पुन्हा पराभव झाला. सरदार आधीच पेटलेले होते. मे १२१५ मध्ये त्यांनी लंडन ताब्यात घेतलं, म्हणून तर जूनमध्ये जॉनला सनद मान्य करायला रनिमिडच्या कुरणावर यावं लागलं. म्हणजे राजाला आणखी बदनाम करणं हे सनदेच्या विरोधातलं नव्हे, तिच्या बाजूचंच काम! शिवाय ऑगस्टमध्ये पोपने ती सनद रद्दच केली होती. तरी ती टिकली. १२१६ मध्ये जॉन मेला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावाने ती पुन्हा जाहीर झाली, मग १२१७ मध्ये, मग १२२५ मध्ये. कारण ती कुणा एका राजाच्या मर्जीवर उभीच नव्हती. हे मास्टरसारख्याला कळू नये? मालिकेत खुद्द डॉक्टर म्हणतो की मास्टरच्या मानाने हा फारच किरकोळ उद्योग आहे. लेखकाला उणीव दिसत होती, तरी ती तशीच सोडली.

याच मालिकेतल्या १९६४ च्या ‘द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ’मध्ये डालेकांचा, म्हणजे चिलखती यंत्रांत बसलेल्या परग्रहवासीयांचा, डाव तर त्याहून अचाट. इंग्लंडमधल्या बेडफर्डशरमध्ये खाण खणायची, पृथ्वीचा गाभा काढून टाकायचा, तिथे इंजिन बसवायचं आणि पृथ्वी यानासारखी चालवायची. गाभा सुरू होतो सुमारे २,९०० किलोमीटर खोल, आणि डालेकांनी खाणीत जुंपलेत ते उपाशी गुलाम. ज्यांच्याकडे स्वतःची अंतराळयानं आहेत त्यांना आख्खा ग्रह हाकायची हौस कशासाठी, याचं धड उत्तर कथेत नाही. पण या कथेवर मला रागावता येत नाही. दुसरं महायुद्ध संपून १९ वर्षंच झाली होती. ओसाड लंडन, वेस्टमिन्स्टर पुलावरून जाणारे डालेक, वेठबिगारी, शत्रूला सामील झालेली माणसं. डाव खोटा असला तरी भीती खरी होती.

अमेरिकेच्या १९८३ च्या ‘व्ही’ या मालिकेचंही तेच. परग्रहावरचे पाहुणे आपलं पाणी चोरायला आलेत म्हणे. शनीची कडी जवळजवळ निव्वळ बर्फाची, गुरूच्या युरोपा या चंद्रावर आपल्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी असल्याचा अंदाज, आणि हे मात्र पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून पाणी उपसत बसलेत! पण शास्त्रज्ञांना देशद्रोही ठरवणं, शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करणं, हे सगळं त्यात अंगावर येतं.

मग चांगलं कारस्थान कसं असतं? ते लिहिलं टेरी नेशननेच. होय, गाभा उपसणारी कथा लिहिणारा तोच. ‘डॉक्टर हू’चीच १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’. हजार वर्षं चाललेल्या युद्धात डाव्हरॉस या शास्त्रज्ञाला कळून चुकलंय की आपली माणसं माणूस म्हणून टिकणार नाहीत. म्हणून तो त्यांचा नवा वंश घडवतो, तेच डालेक. सरकार प्रयोग बंद करू बघतं, तेव्हा हा आपल्याच शहराचं कवच फोडायचं सूत्र शत्रूच्या हाती देतो. शहर बेचिराख होतं, प्रयोग वाचतो. भयंकर आहे, पण प्रत्येक पावलामागे कारण आहे. आणि तो बुडतो तो मूर्खपणामुळे नव्हे. डालेकांच्या मनातून दया त्याने स्वतः काढलेली असते. शेवटी सहकाऱ्यांसाठी तो त्यांच्याकडे दयेची भीक मागतो, आणि दया म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसतं.

हल्लीच्या मालिकांमध्ये इफेक्ट्सवर ओतला जाणारा पैसा बघते तेव्हा वाटतं, त्यातला थोडा लेखकांना आणखी चार आठवडे द्यायला वापरा. खलनायकाच्या खुर्चीत बसून त्याचा हिशोब एकदा मांडून बघायला तेवढे पुरतील.

ज्यांनी ‘जेनेसिस’ पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहा, सहा भाग आहेत. जगातलं सगळं जीवन संपवणारा विषाणू हातात असेल तर वापरशील का, असं डॉक्टर डाव्हरॉसला विचारतो तो प्रसंग अजिबात चुकवू नका.